'वादळ समुद्रातच विरणार' म्हणजे नेमकं काय? शक्ती गेलं, पण भात भिजलं ते का?

आरे-वारे (ता. रत्नागिरी) : ऑक्टोबर २०२५ हा महिना आपल्या किनारपट्टीने मोबाईलवर वादळं बघण्यात घालवला. महिन्याच्या सुरुवातीला 'शक्ती' आलं. रत्नागिरीसह किनाऱ्यावरच्या जिल्ह्यांना ३ ते ७ ऑक्टोबरपर्यंत इशारा आहे, अशा बातम्या वाऱ्यासारख्या फिरल्या. ते वादळ गुजरातच्या पश्चिमेला भर समुद्रात गेलं आणि तिकडेच विरलं. मग दिवाळी झाली आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात अरबी समुद्रात एक डिप्रेशन येऊन रेंगाळलं. त्याला नाव नव्हतं, त्यामुळे टीव्हीवर त्याची चर्चाही फारशी नव्हती. टीव्ही त्या दिवसांत आंध्रच्या किनाऱ्यावर धडकणारं 'मोंथा' दाखवत होता. पण कोकणात कापून ठेवलेलं भात भिजलं ते या बिननावाच्या डिप्रेशनच्या काळात.

आता नाक्यावर, बंदरावर, एसटीत एकच वाक्य ऐकू येतं : हवामान खात्याचं काही खरं नाही, सांगतात तेव्हा येत नाही आणि नाही सांगत तेव्हा येतं. हे वाक्य बोलायला सोपं आहे, पण उद्या ते महागात पडू शकतं. अंदाजात काय सांगितलं होतं, आपण काय ऐकलं आणि 'विरणार' या शब्दाचा अर्थ काय, या तीन गोष्टी वेगळ्या आहेत. त्या वेगळ्या करून बघू.

शक्तीचा अंदाज चुकला का?

नाही. शक्ती ३ ऑक्टोबरला चक्रीवादळ झालं आणि ४ तारखेला त्याचा जोर वाढून तीव्र चक्रीवादळ झालं. तेव्हाच हवामान विभागाने सांगितलं होतं, की हे पश्चिम-नैर्ऋत्येला म्हणजे आपल्यापासून लांब जाईल, ६ तारखेच्या सुमारास वळेल आणि हळूहळू कमजोर होईल. झालंही तसंच. ते वळलं, पण वळून किनारा गाठण्याइतका जीव त्यात राहिला नाही. ७ तारखेला ते समुद्रातच विरत गेलं.

म्हणजे खात्याने दोन गोष्टी बरोबर सांगितल्या. एक, वादळ कुठे जाणार आणि दुसरी, ते कधी कमी होणार. आपल्याकडे मात्र पोचलं ते फक्त 'शक्ती येतंय' एवढंच. मोबाईलवर येता येता 'विरणार' हा भाग मध्येच कुठेतरी गळाला. बातमीला भीती लागते आणि 'कमजोर होईल' या ओळीत भीती नाही.

वादळाची चूल कशी विझते

वादळ समुद्रात का विरतं हे समजायला चूल डोळ्यासमोर आणा. चुलीला जळण लागतं. वादळाचं जळण म्हणजे गरम समुद्र. पाणी साधारण २६.५ अंशांच्या वर गरम असावं लागतं, तेही नुसतं वरवर नाही, खाली बऱ्याच खोलीपर्यंत. त्या पाण्याची वाफ वर जाते, तिचे ढग होतात, ढग होताना उष्णता सुटते आणि त्या उष्णतेवर वादळ चालतं.

हे जळण तीन प्रकारे तुटतं किंवा वाया जातं.

पहिला प्रकार, खालचं पाणी गार लागणं. वादळ एकाच जागी रेंगाळलं, तर ते समुद्र ढवळून खोलातलं गार पाणी वर आणतं. म्हणजे स्वतःच्याच चुलीत पाणी ओततं. आधीचं वादळ ज्या वाटेने गेलं, त्याच वाटेवर मागून दुसरं आलं तर त्यालाही जळण कमी मिळतं.

दुसरा प्रकार, कोरडी हवा. अरबी समुद्राच्या एका बाजूला अरबस्तानचं वाळवंट, वर पाकिस्तान आणि राजस्थानचा कोरडा भाग. पाऊस परतल्यावर तिकडची कोरडी हवा समुद्रावर येते. ती वादळाच्या पोटात शिरली की ढग सुकायला लागतात.

तिसरा प्रकार, वरचा वारा. वादळ म्हणजे बारा-पंधरा किलोमीटर उंच उभं धुराडं समजा. खाली वारा एका दिशेला, वर भलत्याच दिशेला आणि जोरात असेल, तर हे धुराडं कलतं. खालची भोवऱ्याची जागा एकीकडे राहते आणि ढग दुसरीकडे ढकलले जातात. सॅटेलाईटच्या फोटोत वादळाच्या मधोमध ढग नाहीत, सगळे एका बाजूला गेलेत, असं दिसलं की समजायचं, याचं काही खरं नाही.

आणि चौथं आपल्या सगळ्यांना माहीत आहे, जमीन. किनारा ओलांडला की जळण बंद. पण आजचा विषय समुद्रात विरणाऱ्या वादळांचा आहे.

विरणं आधी सांगणं अवघड का?

वादळ कुठे जाणार हे सांगणं गेल्या वीस वर्षांत बरंच सुधारलं आहे. पण त्याचा जोर किती वाढणार, किती घटणार, हे सांगणं अजून अवघड आहे. जगभरात हीच अडचण आहे, फक्त आपल्याकडे नाही.

कारण साधं आहे. भर समुद्रात वाऱ्याचा वेग मोजायला कोण बसलंय? काही ठिकाणी यंत्रं बसवलेले तरंगते बोये आहेत, पण वादळ त्यांच्याच डोक्यावरून जाईल असं नाही. जहाजं वादळ बघून लांब पळतात. अमेरिका तिकडच्या समुद्रात वादळाच्या पोटात विमान घालून मोजमाप घेते. आपल्या समुद्रात मुख्य भरवसा सॅटेलाईटवर आहे. ढग किती गोल गुंडाळलेत, माथा किती थंड आहे, डोळा दिसतो का, यावरून तज्ज्ञ वेगाचा अंदाज बांधतात. ही पद्धत ड्वोरॅक नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने बसवली आणि जगभर अजून तीच मुख्य आहे. म्हणजे बातमीत 'ताशी १०० किलोमीटर' असं लिहिलेलं असतं, ते बहुतेक वेळा मोजलेलं नसतं, अंदाजलेलं असतं. सुरुवातीचाच आकडा अंदाजाचा, तर दोन दिवसांनंतरचा आकडा त्याहून जास्त अंदाजाचा असणार.

म्हणून हवामान विभाग एकदाच सांगून गप्प बसत नाही. चक्रीवादळ झालं की दर तीन तासांनी नवीन बुलेटीन येतं. सकाळचं बुलेटीन संध्याकाळी जुनं झालेलं असतं. व्हॉट्सअपवर मात्र तीन दिवसांपूर्वीचं बुलेटीन 'आत्ताच आलेलं' म्हणून फिरतं.

२०१९ सालचं 'महा' याचं चांगलं उदाहरण आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ते अरबी समुद्रात फार जोरावर होतं. मग ते मागे वळून गुजरातकडे निघालं. सगळ्यांच्या छातीत धस्स झालं. पण खातं तेव्हापासून सांगत होतं, की किनाऱ्याजवळ येईपर्यंत याचा जोर बराच उतरलेला असेल. प्रत्येक बुलेटीनमध्ये आकडा खाली येत गेला आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ येईपर्यंत ७ नोव्हेंबरला त्यात फारसं काही उरलं नव्हतं. विरण्याचा अंदाज असा असतो, टप्प्याटप्प्याने पक्का होत जाणारा. त्यासाठी शेवटपर्यंत बघत राहावं लागतं.

खरी गोम इथे आहे

'वादळ कमजोर झालं' असं खातं म्हणतं, तेव्हा ते मुख्यतः एकाच गोष्टीबद्दल बोलत असतं. मधल्या भोवऱ्याजवळच्या वाऱ्याचा वेग. वादळाच्या सगळ्या पायऱ्या त्या वेगावरच ठरतात. ताशी ३१ ते ५० किलोमीटरला डिप्रेशन, ५१ ते ६२ ला तीव्र डिप्रेशन, ६३ ते ८८ ला चक्रीवादळ, ८९ ते ११७ ला तीव्र चक्रीवादळ आणि पुढे त्याहून मोठी. चक्रीवादळाच्या पायरीवर पोचलं की नाव मिळतं. खाली असेल तर नाव नाही.

या पायऱ्यांमध्ये पाऊस कुठेच मोजलेला नाही. लाटही मोजलेली नाही. आणि आपलं नुकसान बहुतेक वेळा पावसाने आणि लाटेनेच होतं.

२४ मे २०२५ आठवा. त्या दिवशी दुपारी साडेअकरा ते साडेबाराच्या दरम्यान एक डिप्रेशन रत्नागिरीजवळच किनारा ओलांडून आत गेलं. फक्त डिप्रेशन, नाव नाही. त्या काळात ऐन मे महिन्यात पावसाळ्यासारखा पाऊस झाला, आणि आंबा काढणीची शेवटची घाई कशी झाली ते बागायतदारांना विचारा. नावाचं शक्ती शेकडो किलोमीटर लांबून गेलं आणि बिननावाचं डिप्रेशन आपल्या अंगणातून गेलं. दोन्ही एकाच वर्षात.

दूरचं उदाहरण हवं तर २०२१ चं 'गुलाब'. ते २६ सप्टेंबरला आंध्रच्या बाजूने जमिनीवर आलं आणि लगेच कमजोर झालं. वारा ओसरला, पण त्याचे ढग तेलंगणातून मराठवाड्यात आले आणि तिथे पुराने शेतं धुऊन नेली. पुढे त्याचाच उरलेला भाग अरबी समुद्रात उतरला, गरम पाणी मिळाल्यावर पुन्हा पेटला, 'शाहीन' झाला आणि ओमानवर जाऊन आदळला. विझलेल्या चुलीत निखारा राहतो तसं.

आणि सर्वात कडू आठवण, नोव्हेंबर २००९ चं 'फयान'. पायरीने बघितलं तर ते साधं चक्रीवादळ होतं, तीव्रसुद्धा नव्हतं. पण आपल्या जिल्ह्यातले आणि सिंधुदुर्गातले कितीतरी खलाशी त्यात परत आले नाहीत. समुद्रात असलेल्या माणसासाठी लहान वादळ असं काही नसतं.

लाटेला वादळाचा पत्ता लागत नाही

आरे-वारेच्या लोकांनी हे खास समजून घ्यायला हवं. वादळ पाचशे-हजार किलोमीटरवर असलं तरी त्याने उठवलेल्या लाटा लांबवर प्रवास करतात. वारा नसतो, आकाश निरभ्र असतं आणि तरी समुद्र फुगलेला असतो. वादळ विरल्यावरसुद्धा आधी निघालेल्या लाटा वाटेत असतातच, त्या परत बोलावता येत नाहीत. केरळात अशा अवचित येणाऱ्या समुद्राला 'कल्लक्कडल' म्हणतात, म्हणजे चोर समुद्र.

२०१९ च्या दिवाळीत 'क्यार' आपल्या रत्नागिरीपासून दोनशे-अडीचशे किलोमीटरवर समुद्रात होतं. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, २७ ऑक्टोबरला, ते सुपर सायक्लोन झालं. अरबी समुद्रात २००७ च्या 'गोनू'नंतरचं पहिलंच. ते कुठल्याच किनाऱ्यावर धडकलं नाही, पश्चिमेला जाऊन समुद्रातच विरलं. तरी आपल्याकडे भात भिजलं, आणि तिकडे ओमान, अमिराती आणि कराचीच्या बाजूला समुद्राचं पाणी किनाऱ्यावरच्या वस्तीत शिरलं. जून २०२३ मध्ये 'बिपरजॉय' गुजरातकडे चाललेलं असताना गणपतीपुळ्याला लाटा किनाऱ्यावरच्या दुकानांपर्यंत आल्या, हे आपल्या डोळ्यांसमोरचं आहे.

आरे-वारेचा किनारा दिसायला जितका देखणा तितका आत फसवा. पाण्याची ओढ मोठी आहे. १९ जुलै २०२५ ला इथे चार जण बुडाले, तेव्हा तर कुठलं वादळही नव्हतं, नुसता पावसाळी समुद्र होता. त्यात लांबच्या वादळाची लाट मिसळली तर काय होईल याचा विचार करा. दिवाळीच्या सुट्टीत, डिसेंबरात इथे गाड्यांची रांग लागते. पुण्या-मुंबईचा माणूस बातमी वाचून येतो, 'वादळ विरलं, आता फिरायला हरकत नाही.' त्याला अडवायचं काम शेवटी आपल्याच गावातल्या पोरांवर येतं.

भातवाल्यासाठी आता डाव बदललाय

माझ्यासारख्या भातशेती करणाऱ्यासाठी यात आणखी एक गोष्ट आहे. पूर्वी पीक विम्यात कापून शेतात वाळत टाकलेलं पीक पावसात भिजलं, तर ७२ तासांत कळवून भरपाई मागायची सोय होती. राज्यात खरीप २०२५ पासून विमा योजना बदलली. एक रुपयातला विमा बंद झाला आणि काढणीनंतरच्या नुकसानीची ती वेगळी भरपाईही वगळली गेली. आता भरपाई मुख्यतः पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या उत्पन्नावर ठरते. म्हणजे तुमच्या एकट्याच्या मळ्यातले भारे भिजले, तर विम्याकडून त्याची वेगळी दखल नाही. पंचनामा होऊन सरकारी मदत आली तर आली.

याचा अर्थ असा, की कापणीच्या दिवसांत अंदाज वाचणं हाच आता आपला विमा. आणि तिथेच 'वादळ विरणार' हा शब्द आपल्याला फसवतो. ते ऐकून माणूस विळा घेऊन मळ्यात जातो, भात कापून आडवं करतो आणि दुसऱ्या दिवशी उरलेल्या ढगांचा पाऊस येतो. उभं भात एखादा पाऊस सोसतं. कापून जमिनीवर पसरलेल्या भाताला दोन दिवसांत कोंब फुटतात आणि पेंढाही काळा पडतो, मग गुरांना काय घालायचं?

बागायतदारांचंही तसंच. नोव्हेंबरात जमिनीत ओल राहिली की हापूसला मोहोराऐवजी पालवी येते आणि हंगाम मागे जातो. वारा किती होता याने त्यात फरक पडत नाही.

मग बुलेटीन वाचायचं कसं?

पुढच्या वेळी वादळाची बातमी आली की पाच प्रश्न विचारा.

१) बुलेटीन कधीचं आहे? तारीख आणि वेळ नसेल तर ते पुढे पाठवू नका.

२) वादळ कुठून कुठे चाललंय? आपल्यापासून अंतर किती आणि ते वाढतंय की कमी होतंय?

३) विरणार म्हटलंय, तर किनाऱ्याच्या किती आधी? भर समुद्रात विरणार असेल तर वाऱ्याची भीती कमी. किनाऱ्याजवळ येऊन विरणार असेल तर एका दिवसाचा हिशोब चुकला तरी ते आपल्यावर येऊ शकतं. २०२० चं 'निसर्ग' किनाऱ्याला लागण्याच्या दिवशीच्या पहाटेपर्यंत जोर वाढवतच होतं. त्याने दापोली-मंडणगडची काय अवस्था केली आणि मिऱ्याला जहाज कसं येऊन रुतलं, ते आपण विसरलेलो नाही.

४) पावसाचा अंदाज वेगळा काय आहे? तो जिल्ह्याच्या पाच दिवसांच्या अंदाजात असतो. पिवळा, नारिंगी रंग दिसला की कापणी थांबवा, वादळ विरलं असलं तरी.

५) लाटांचा इशारा आहे का? तो हैदराबादच्या 'इन्कॉइस' या केंद्र सरकारच्या संस्थेकडून येतो. मच्छीमारांनी आणि किनाऱ्यावर धंदा करणाऱ्यांनी तो वेगळा बघायचा.

बंदरावरचा बावटाही वाचता यायला हवा. एक आणि दोन नंबर म्हणजे बिघाड लांब समुद्रात आहे. तीन आणि चार म्हणजे आपल्या बंदरालाच त्रास होऊ शकतो. पाचच्या पुढे धोका. दोन नंबर लागला म्हणून गावात घबराट नको, पण त्या दिवशी खोल समुद्रात होडी जायलाही नको.

मोबाईलवर 'मौसम', शेतीसाठी 'मेघदूत', विजेसाठी 'दामिनी' आणि आपत्तीच्या इशाऱ्यासाठी 'सचेत' ही सरकारी अॅप फुकट आहेत. 'विंडी'वरचे रंगीत भोवरे बघायला छान, पण ती एकेका मॉडेलची चित्रं असतात. दहा दिवसांनंतरचा भोवरा युरोपच्या मॉडेलमध्ये असतो, अमेरिकेच्या मॉडेलमध्ये नसतो, आणि दुसऱ्या दिवशी दोन्हीकडून गायब होतो. त्याचा स्क्रीनशॉट म्हणजे इशारा नव्हे.

मागणी काय करायची?

प्रशासनाकडे आपण एक साधी गोष्ट मागू शकतो. वादळाचा इशारा मागे घेताना 'धोका टळला' एवढंच न सांगता वारा, पाऊस आणि लाट असं तीन ओळींत वेगळं सांगा. वारा ओसरला, पाऊस दोन दिवस राहील, समुद्र तीन दिवस खवळलेला राहील, असं. ग्रामपंचायतीच्या स्पीकरवरून हे सांगायला एक मिनिट लागतं. आरे-वारेच्या दोन्ही किनाऱ्यांवर रोजच्या लाटांचा अंदाज लिहायला एक फळा आणि खडू पुरेसा आहे.

अरबी समुद्रात पाऊस परतल्यानंतरचा काळ वादळांचाच असतो, फयान नोव्हेंबरातलं आणि महाही नोव्हेंबरातलं. गरवं भात त्या वेळी काही मळ्यांत उभं असतं. पुढचं वादळ आलं आणि ते विरणार असं कळलं, तर बरं वाटू द्या. पण भारे आधी झाका, होडी वर ओढा आणि पाहुण्यांना पाण्यापासून लांब ठेवा. त्यानंतर दोन दिवस पावसाचा अंदाज बघा आणि मगच विळा हातात घ्या.